सशाची अँटिबॉडी मागवताना: फाइल, पार्सल आणि ब्लॉट

पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ज्यांना पहिल्यांदाच एखादी प्रायमरी अँटिबॉडी (नमुन्यातलं ठराविक प्रोटीन शोधून त्याला चिकटणारं प्रोटीन) मागवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ब्लॉट (नमुन्यातली प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवण्याची चाचणी) कसा करायचा ते लॅबमधले सीनियर शिकवतात. पण अँटिबॉडी निवडायची कशी, तिची फाइल कुठे कुठे अडते, आणि बाटली हातात आल्यावर ती आपल्या कामाची आहे हे ठरवायचं कसं, हे सलग कुणी सांगत नाही. माझं हे सगळं सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात झालं, इथे बडोद्यात.

मी पीटेन या प्रोटीनवर काम करते. त्याचं जनुक दहाव्या क्रोमोझोमवर आहे आणि ते १९९७ मध्ये सापडलं. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा जो निरोप एकेटी या प्रोटीनच्या वाटेने जातो, त्याला पीटेन आवर घालतं. प्रोस्टेट, गर्भाशयाचं अस्तर, मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा अशा कित्येक कॅन्सरमध्ये ते कमी झालेलं किंवा पार नाहीसं झालेलं असतं. म्हणजे माझ्या प्रबंधात ‘पीटेन नाही’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, आणि ‘नाही’ म्हणायचं तर ज्या अँटिबॉडीने मी शोधतेय तिच्यावर माझा पूर्ण भरवसा हवा.

आमच्याकडे जुनी बाटली होती: सशाची पॉलीक्लोनल, वेस्टर्न ब्लॉटवर चांगली चालणारी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. लॅबच्या मजल्यापर्यंत पाणी चढलं नाही, पण वीज गेली आणि लवकर आली नाही. फ्रीझर उघडला तेव्हा आतलं सगळं कोमट होतं. अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असते, त्यामुळे एखाद-दोन दिवसांत ती लगेच मरते असं नाही. नंतरच्या ब्लॉटवर पट्टी दिसलीही, पण फिकी. ती फिकी का, अँटिबॉडी गेली म्हणून की नमुन्यात पीटेनच कमी म्हणून, हे सांगता येईना. माझ्या गाइड सरांनी एका वाक्यात निकाल दिला: “नवीन मागव.”

मला वाटलं, तोच कॅटलॉग नंबर लिहायचा की झालं. वितरकाला फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, कुठला लॉट हवाय?” आणि सांगितलं की आमच्या बाटलीचा लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला साठा, संपून बराच काळ झाला. इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पॉलीक्लोनल बनवताना मानवी प्रोटीनचा एक तुकडा, बहुतेक वेळा काही अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड, एका मोठ्या वाहक प्रोटीनला जोडून सशाला टोचतात. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचतात, मग रक्त काढून सीरम वेगळं करतात. उंदरापेक्षा ससा मोठा, म्हणून सीरम पुष्कळ मिळतं. त्यातून त्या पेप्टाइडला चिकटणाऱ्या अँटिबॉडी तेवढ्या गाळून घेतात. त्या एकसारख्या नसतात. सशाच्या वेगवेगळ्या बी-पेशींनी बनवलेल्या, तुकड्याचे वेगवेगळे भाग पकडणाऱ्या असतात. म्हणून पट्टी ठसठशीत येते. पण तो ससा गेला, ते सीरम संपलं, की नेमकं तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा, किंवा त्याच सशाच्या वेगळ्या वेळी काढलेल्या रक्ताचा. कॅटलॉग नंबर तोच, आतला माल वेगळा. नव्याने काम सुरू करणार असाल आणि तुमच्या प्रोटीनसाठी रीकॉम्बिनंट अँटिबॉडी मिळत असेल, तर सरळ तीच घ्या. ती दर वेळी त्याच डीएनए क्रमावरून बनते. माझा आधीचा सगळा डेटा या पॉलीक्लोनलवर होता, तुलना तुटू द्यायची नव्हती, म्हणून मी तिच्यावरच राहिले.

आता पैसे. मला गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेची फेलोशिप आहे: महिन्याला १५ हजार, आणि आनुषंगिक खर्चाला वर्षाला २० हजार. १०० मायक्रोलिटरच्या बाटलीचं कोटेशन आलं ४४ हजारांच्या घरात, जीएसटी वेगळा. त्यामुळे ती सरांच्या प्रोजेक्टच्या कन्झ्युमेबल्समधून घ्यावी लागली. अंदाजपत्रक करताना जुनी बिलं समोर ठेवणार असाल तर जपा. संशोधन संस्थांना असलेली पाच टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. त्याआधीच्या बिलांवरून हिशेब मांडला तर शेवटी पैसे कमी पडतात आणि फाइल परत येते. आणखी एक: बऱ्याच कंपन्या २० मायक्रोलिटरची छोटी बाटलीही देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत. विचारायला लागतं.

गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, भरला. आमच्याकडे तेव्हा आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ती वस्तू मिळत नाही, असा उपलब्धता अहवाल काढून जोडावा लागायचा. मग तीन कोटेशनं. ही अँटिबॉडी एकच कंपनी बनवते, म्हणून तीन कोटेशनांऐवजी प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, म्हणजे ही वस्तू दुसरीकडे मिळत नाही आणि हीच का हवी याचं लेखी कारण. ‘संशोधनासाठी आवश्यक’ एवढंच लिहिलेली फाइल हमखास परत येते. मी लिहिलं ते असं: इम्युनोजेन (सशाला टोचलेला पदार्थ) म्हणून पीटेनच्या सी-टोकाचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, तुकडा वापरलेला आहे, आधीचे सर्व प्रयोग याच कॅटलॉग नंबरने केले आहेत, दुसरी अँटिबॉडी प्रोटीनचा वेगळा भाग ओळखेल आणि आकड्यांची तुलना करता येणार नाही. हे वाक्य कुणालाही उपयोगी पडेल, आपापलं प्रोटीन घालून वापरा.

तरी फाइल परत आलीच. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘प्राणी-समितीची मंजुरी जोडावी.’ मी वर गेले. अकाउंट्समधले काका मराठी, रावपुऱ्यातले, माझ्या आजोबांना ओळखणारे. म्हणाले, “ताई, यात ‘रॅबिट’ लिहिलंय. जनावर येणार म्हणजे समितीचं पत्र लागणार.”

“काका, ससा येत नाही. सशाच्या रक्तातून काढलेलं प्रोटीन येतंय, थेंबभर. प्राण्यावरचा प्रयोग आपल्याकडे होतच नाही.”

“मला पटतंय गं. पण ऑडिटवाला मला विचारेल, तेव्हा मी काय दाखवू?”

त्यांचं म्हणणं योग्य होतं. मी एका पानाचं टिपण केलं: हे तयार, शुद्ध केलेलं अभिकर्मक आहे, आमच्या संस्थेत कोणताही प्राणी आणला, पाळला किंवा वापरला जाणार नाही, त्यामुळे प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीची मंजुरी लागत नाही. खाली सरांची सही, विभागप्रमुखांची सही. हे टिपण पहिल्याच दिवशी फाइलला लावा. ‘रॅबिट’, ‘माऊस’, ‘गोट’ असे शब्द असलेली प्रत्येक खरेदी या प्रश्नापाशी थबकू शकते, आणि सेकंडरी अँटिबॉडी (प्रायमरीला चिकटून पट्टी दाखवणारी) तर बहुधा बकरीचीच असते.

मग नवरात्र आलं. बडोद्यात त्या दिवसांत संध्याकाळनंतर कुणाकडून सही मिळेल ही आशाच सोडायची. त्यापाठोपाठ दिवाळी. कोटेशनची मुदत तीस दिवसांची होती, ती दिवाळीच्या सुट्टीत संपली आणि नवीन मागवावं लागलं. कोटेशन मागतानाच ‘९० दिवस वैध’ असं लिहून मागा. पर्चेस ऑर्डर निघाली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या संध्याकाळी मी खंडेराव मार्केटपर्यंत चालत गेले, उगाचच. खूप हलकं वाटत होतं. वितरकाने चार ते सहा आठवडे सांगितले. प्रत्यक्षात जास्त लागले.

तो वेळ रिकामा घालवला नाही, हे या सगळ्यातलं सगळ्यात बरं झालं. अँटिबॉडी खरी की खोटी हे कळायला दोन प्रकारच्या पेशी लागतात: ज्यांत पीटेन आहे आणि ज्यांत नाहीच. पीटेनच्या बाबतीत निसर्गानेच सोय करून ठेवलीय. पीसी-३ या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत पीटेनचं जनुकच गळून गेलेलं आहे. डीयू-१४५ या दुसऱ्या प्रोस्टेट पेशींत ते प्रोटीन बनतं. डीयू-१४५ आमच्याकडे होत्या. पीसी-३ साठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीसीएसकडे अर्ज केला. देशातल्या लॅबना पेशी पुरवणारं भांडार तिथे आहे. अर्ज, हमीपत्र, शुल्क. कुरियरनेही पेशी येतात, पण डिसेंबरमध्ये मला मावशीकडे जायचंच होतं, म्हणून स्वतः घेऊन आले. वाढत्या पेशींचा फ्लास्क काठोकाठ मीडियमने, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाने, भरतात, झाकण घट्ट करून पॅराफिल्म लावतात. काठोकाठ भरायचं कारण, आत हवा राहिली तर गाडीच्या हिसक्यांनी मीडियम डचमळतं आणि पेशी सुटतात. रात्रीच्या गाडीत तो डबा मी मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बहुतेक पेशी तळाला धरून होत्या. आधी जास्तीचं मीडियम काढून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, वेगळ्या कोपऱ्यात, आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी होईपर्यंत इतर पेशींत मिसळू दिल्या नाहीत.

अँटिबॉडी मागवण्याआधी निगेटिव्ह कंट्रोल कुठून मिळेल ते ठरवा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. निगेटिव्ह पेशी नसतील तर एसआयआरएनएने (जनुकाचा निरोप बंद पाडणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी) प्रोटीन कमी करून बघता येतं, पण तीही खरेदीच आहे, तिचीही फाइल आहे. दोन्ही एकाच वेळी हलवा.

जानेवारी उजाडला आणि मला उत्तरायणाची काळजी लागली. १४ तारखेला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. या दोन दिवसांत बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं, कुरियरचं ऑफिस बंद, संस्थेचं स्टोअर बंद. पार्सल त्यात अडकलं तर बर्फाच्या पिशव्या किती टिकणार? मी वितरकाला रोज फोन करत होते. पार्सल आलं सोमवारी, १३ जानेवारीला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. पर्चेस ऑर्डरवरच मी ‘उणे २० अंशांवर ठेवणे, आल्याबरोबर कळवणे’ असं लिहून घेतलं होतं आणि स्टोअरच्या दारावर माझा नंबर चिकटवला होता, म्हणून फोन आला. नाहीतर ते खोकं पुठ्ठ्याच्या ढिगात तीन दिवस पडून राहिलं असतं.

थर्माकोलच्या खोक्यात जेलच्या पिशव्या अजून टणक होत्या. त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याची डबी, डबीत बोटाच्या पेराएवढी बाटली. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रिकामीच वाटेल. १०० मायक्रोलिटर म्हणजे दोन-तीन थेंब, आणि ते वाटेत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेले. उघडण्याआधी बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्यायची, सगळं तळाशी येतं. ग्लिसरॉलमुळे द्रव मधासारखा चिकट. पिपेटने सावकाश ओढायचा, टोक बाहेरून पुसायचं, नाहीतर टोकाला लागलेलाच भाग शेकड्यातल्या रुपयांचा असतो. ५० टक्के ग्लिसरॉल असलं की उणे २० वर ते गोठत नाही, त्यामुळे छोटे भाग करायलाच हवेत असं नाही. मी तरी केले, १० मायक्रोलिटरचे, आणि दोन वेगळ्या मजल्यांवरच्या दोन फ्रीझरमध्ये ठेवले. पुराने एवढं शिकवलं. प्रत्येक नळीवर कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, तारीख. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी नको, त्यात तापमान वरखाली होत राहतं.

हिशेबही तेव्हाच मांडला. १:१००० प्रमाणात ५ मिलिलिटरला ५ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे एका बाटलीत २० ब्लॉट. एका ब्लॉटला नुसत्या प्रायमरीचे दोन हजारांहून जास्त. मेंब्रेन (ज्यावर प्रोटीनं उतरवून घेतात तो पातळ पडदा) डब्यात भसाभस बुडवण्याऐवजी छोट्या पाऊचमध्ये घातलं तर निम्म्यात भागतं. पातळ केलेली प्रायमरी सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवून पुन्हा वापरणारेही आहेत. तसं करणार असाल तर अझाइड सेकंडरीत कधीही जाऊ देऊ नका, ते सेकंडरीला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमला बंद पाडतं आणि ब्लॉट कोरा येतो.

पहिला ब्लॉट उत्तरायणानंतरच्या आठवड्यात केला. हिशेबाने पीटेन ४७ किलोडाल्टन वजनाचं, पण जेलवर ते ५५ च्या आसपास धावतं. डेटाशीटमध्ये दोन्ही आकडे असतात, दुसरा पाहायचा. जुन्या लॉटचंच प्रमाण घेतलं, दुधाच्या पावडरचं ब्लॉकिंग (मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकणं), रात्रभर कोल्ड रूममध्ये. सकाळी ईसीएल हे पट्टी उजळवणारं रसायन टाकून पाहिलं: डीयू-१४५ मध्ये योग्य जागी ठसठशीत पट्टी. पीसी-३ मध्ये त्या जागी काही नाही. आणि दोन्ही लेनमध्ये (नमुन्यांच्या उभ्या रांगांत) ३५ च्या जवळ एक आगंतुक पट्टी, जी जुन्या लॉटमध्ये कधीच नव्हती.

त्या पट्टीने माझी झोप उडवली. मेंब्रेन ५५ च्या वर-खाली कापून तेवढीच चौकट दाखवली असती तर कुणाला कळलं नसतं. कितीतरी पेपरांत तसंच दिसतं. पण मला हीच अँटिबॉडी पुढे ऊतीच्या स्लाइडवर वापरायची आहे. स्लाइडवर किलोडाल्टन नसतात. तिथे खरं पीटेन आणि हे ३५ चं भलतंच काहीतरी दोन्ही एकाच तपकिरी रंगात उमटणार, आणि पीटेन नसलेली गाठ मला ‘पीटेन आहे’ म्हणून दिसणार. तो निष्कर्ष कुणाच्या तरी आजाराबद्दलचा असतो. म्हणून निदान तपासणीच्या काळात तरी मेंब्रेन कापू नका. पूर्ण बघा, पूर्ण जपून ठेवा.

पुढचे काही आठवडे प्रमाण बदलत गेले. दुधाऐवजी बीएसए हे प्रोटीन, ट्वीन हा डिटर्जंट ०.१ टक्का, धुणं जास्त वेळ, प्रायमरी १:२०००. नुसत्या सेकंडरीचा एक ब्लॉट केला, त्यात ३५ ची पट्टी नव्हती, म्हणजे ती सेकंडरीची नव्हे. १:२००० वर ती बरीच फिकी झाली आणि पीटेनची पट्टी तशीच राहिली. वितरकाने ब्लॉकिंग पेप्टाइड सुचवलं होतं, मी घेतलं नाही. पेप्टाइड घातल्यावर पट्टी गेली तर एवढंच कळतं की अँटिबॉडी त्या पेप्टाइडला धरते; तोच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रोटीनमध्ये असेल तर तीही पट्टी जाणारच. त्याऐवजी डीयू-१४५ मध्ये एसआयआरएनएने पीटेन कमी केलं. ५५ ची पट्टी फिकी पडली, ३५ ची हलली नाही. त्याच लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या द्रवावर) फॉस्फोरिलेटेड, म्हणजे सक्रिय झालेलं, एकेटी पाहिलं. पीटेन कमी तिथे ते वाढलेलं होतं. २०१६ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासण्याचे पाच मार्ग सुचवले होते. त्यातला जनुक कमी करून बघण्याचा मार्ग हा. पाचही करायची गरज नसते, पण एक तरी नीट केलेला हवा. फेब्रुवारीच्या शेवटी ते सगळे ब्लॉट सरांसमोर टेबलावर मांडले. सर बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, “ठीक. ब्लॉटपुरती पास.” मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटलं.

‘ब्लॉटपुरती’ हा शब्द लक्षात ठेवा. ब्लॉटवर प्रोटीन एसडीएस या डिटर्जंटने उलगडलेलं असतं. स्लाइडवर ते फॉर्मॅलिनने आवळलेलं असतं. एकीकडे चालली म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही, तिथे तपासणी वेगळी. मी आता पीसी-३ आणि डीयू-१४५ च्या पेशींचे गोळे पॅराफिनमध्ये बसवून आधी त्यांच्यावर बघणार आहे, मगच रुग्णांच्या ब्लॉक्सना हात लावेन. नैतिक समितीची मंजुरी त्यासाठी आधीच घेतलेली आहे. आणि कुणी पीटेनवर इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने प्रोटीन ओढून वेगळं काढणं) करणार असेल तर एक सूचना: सशाच्या अँटिबॉडीची जड साखळीही ५० च्या वरच दिसते, अगदी पीटेनच्या अंगावर. ओढायला ससा वापरला तर ब्लॉटला उंदराची अँटिबॉडी घ्या.

पेपर लिहिताना कंपनी आणि कॅटलॉग नंबरच्या जोडीला लॉट नंबर, आरआरआयडी (अँटिबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक) आणि वापरलेलं प्रमाण लिहा. माझा लॉट चांगला निघाला, म्हणून वितरकाला त्याच लॉटच्या आणखी एका बाटलीसाठी लेखी पत्र दिलं, ‘हाच लॉट नसेल तर ऑर्डर रद्द’ या अटीसह. पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवे होते, म्हणून फाइल घेऊन मीच टेबलाटेबलावर फिरले. सशाबद्दलचं टिपण या वेळी वरच लावलं होतं. काकांनी ते वाचलं, सही केली आणि विचारलं, “मागच्या वेळची चालली का गं?” मी त्यांना फोनवर ब्लॉटचा फोटो दाखवला, कुठली लेन कुठली ते सांगितलं. दुसरी बाटली एप्रिलअखेर येईल असं वितरक म्हणतोय. तेव्हा उन्हाळा ऐन भरात असेल, म्हणून सुक्या बर्फातून पाठवायला सांगितलं आहे. त्याचे वेगळे पैसे कोटेशनमध्येच घालून घेतले.